घाट, सायकल आणि वजनाचा कांटा

मनुष्यानें साठी ओलांडल्यावर काय करावें, याविषयीं आपल्या समाजांत फारसा मतभेद नाहीं. सकाळीं पूजा करावी, दुपारीं वर्तमानपत्र वाचावें, सायंकाळीं कृष्णेच्या घाटावर समवयस्कांबरोबर चार गोष्टी बोलाव्या, आणि मधल्या वेळांत नातवंडांचें शुद्धलेखन तपासावें. हें सर्व आम्ही यथासांग करतोंच. पण त्याखेरीज आठवड्यांतून चार दिवस पहांटे डोक्यावर शिरस्त्राण चढवून आम्ही सायकलीवर स्वार होतों, आणि एवढ्या एका गोष्टीमुळें वाईच्या पेठेंत आमच्याविषयीं नाना तर्क चालतात. ‘गुरुजी, स्कूटर विकली काय?’ असें कोणी काळजीनें विचारतो. ‘ह्या वयांत शर्यत कोणाशीं?’ असें कोणी थट्टेनें विचारतो.

पहिल्या प्रश्नाचें उत्तर सोपें आहे. स्कूटर विकलेली नाहीं. दुसऱ्याचें उत्तर देण्यास थोडा विस्तार लागेल, तो आज येथें करण्याचें योजिलें आहे. विषय क्षुल्लक वाटेल. पण ज्या घरांत तीन पिढ्या एका पंक्तीस बसतात, त्या घरांत कोणाच्या अंगास लागतें आणि कोणाच्या लागत नाहीं, कोणी तूप घ्यावें आणि कोणी हात आखडावा, ह्या गोष्टी रोजच निघतात. त्यांविषयींचे आपले समज किती चुकीचे असूं शकतात, हें आमच्या घरानें फार मोठें मोल देऊन जाणलें आहे.

आम्ही दोघे बंधु. आम्ही थोरले, आणि देहानें प्रथमपासूनच स्थूल. उंची एक मीटर सहासष्ट सेंटिमीटर. शाळेंतून निवृत्त झालों त्या वर्षीं, म्हणजे २०१७ सालीं, वजन ८६ किलो. धाकटे बंधु आमच्याहून तीन वर्षांनीं लहान, दोन बोटें उंच, काठीसारखे सडसडीत, आणि वजन जन्मभर ५८ किलोंच्या आसपास. लग्नांत शिवलेला कोट त्यांस पन्नाशींतही बसे, आणि लग्नकार्यांत तो घालून ते आमच्या शेजारीं मुद्दाम उभे राहत. मातोश्री वाढावयास निघाल्या म्हणजे बंधूंच्या भातावर तुपाची दुसरी धार पडे, ‘ह्याच्या अंगाला कांहीं लागतच नाहीं’ म्हणून. आणि आमच्या पानाशीं येतां तीच तुपाची वाटी चटकन् पुढें सरके. घरांत काळजी व्हायची ती आमची, रक्त तपासलें जायचें तें आमचें. बंधु एका पतपेढींत कारकुनी करीत. दिवसभर बैठक, चार-पांच वेळां चहा, आणि घरीं येतांच आडवें होणें. पण ‘त्याला काय धाड भरली आहे?’ ह्या एका वाक्यापुढें कोणाचा विचार कधीं गेला नाहीं. २०१६ सालच्या कार्तिकांत एके रात्रीं त्यांच्या छातींत कळ आली, आणि गाडी साताऱ्यास पोहोंचण्यापूर्वींच सारें आटोपलें. वय अवघें चोपन्न.

घरांतला जाड माणूस मागें राहिला आणि सडपातळ माणूस पुढें गेला, हें कोडें आम्हांस कित्येक महिने सुटलें नाहीं. मातोश्री तर एकदां भर पंक्तींत म्हणाल्या, ‘अरे, मी नको त्याची काळजी केली का रे?’ त्यावर काय बोलावें हें कोणासही सुचलें नाहीं.

पुढल्या वर्षीं आमचेंही रक्त बोलूं लागलें. मागल्या दोन-तीन महिन्यांतील साखरेची सरासरी दाखविणारी जी तपासणी हल्लीं करितात, तिचा आंकडा ६.२ टक्के आला. ५.७ पासून ६.४ पर्यंतचा पट्टा हा मधुमेहाचा उंबरठा. आम्ही त्या उंबरठ्यावर पाऊल ठेवून उभे होतों. आमचे डॉक्टर हे आमचेच एक जुने विद्यार्थी. ते म्हणाले, ‘गुरुजी, औषध आहेच, पण आधीं रोज तासभर अंग हालवून पाहूं.’ चालण्याचा प्रयोग केला, तों पंधरा दिवसांत गुडघ्यांनीं तक्रार मांडली. तेव्हां डॉक्टरांनींच सायकल सुचविली. चालतांना सगळ्या देहाचा भार प्रत्येक पावलास गुडघ्यावर येतो; सायकलीवर तो बहुतांशीं सीटवर टेकलेला असतो, आणि पाय केवळ फिरत राहतात.

सायकल घरांत होती. पडवीच्या कोपऱ्यांत गोणपाटाखालीं बंधूंची काळी सायकल उभी होती, आणि भावजयीनें ती मोडींत घालूं दिली नव्हती. ‘ती मी वापरूं का?’ असें आम्हीं संकोचानें विचारलें. ती क्षणभर कांहींच बोलली नाहीं. मग आंत जाऊन फडकें व तेलाची बुदली घेऊन आली, आणि म्हणाली, ‘दादा, साखळी गंजली असेल, आधीं पुसून घ्या.’ आमच्या सायकलीच्या छंदाचा आरंभ हा असा आहे.

पहिल्या दिवशीं मेणवलीपर्यंत गेलों. अंतर तीन किलोमीटर, रस्ता जवळजवळ सपाट. तेथें पोहोंचल्यावर नाना फडणविसांच्या वाड्याच्या पायरीवर पाव तास बसून राहिलों, आणि परत येतांना अर्धी वाट सायकल हातांत धरून आलों. पण एक गोष्ट त्याच दिवशीं ध्यानांत आली. वाटेंतल्या ओढ्याचा वास, उसाच्या गाड्यांचा करकर आवाज, हळदीच्या रानांतला सकाळचा गारवा, हें सर्व आम्ही तीस वर्षें स्कूटरवरून ओलांडीत होतों. तें त्या दिवशीं प्रथम आमच्या वाट्यास आलें.

ह्या यंत्राचा इतिहास फार लांबचा नाहीं. १८१७ सालीं जर्मनींतील कार्ल ड्राइस यांनीं दोन चाकांचें लांकडी वाहन केलें, तें पायांनीं जमीन रेटीत चालवावें लागे. १८८५ सालीं इंग्लंडांत जॉन केंप स्टार्ली यांनीं दोन सारख्या चाकांची व मागील चाकास साखळी जोडलेली सायकल बाजारांत आणली. १८८८ सालीं डनलप यांनीं हवेची धांव केली, आणि यंत्र पुरें झालें. आज लाखो रुपयांस मिळणारी सायकल आणि आमची पडवींतली काळी सायकल यांचा सांगाडा मूळांत एकच. ह्याच सांगाड्यावर बसून १९२३ सालीं मुंबईचे सहा पारशी तरुण पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. त्यांपैकीं अदि हकीम, जाल बापासोला व रुस्तम भुमगरा हे तिघे सुमारें एकाहत्तर हजार किलोमीटर तुडवून १९२८ सालीं परत आले. मेणवलीहून परततांना धाप लागलेल्या मनुष्यानें त्यांचें स्मरण करणें हें धार्ष्ट्यच. पण पहिल्या महिन्यांत आम्हांस त्या स्मरणाचा उपयोग झाला खरा.

मेणवलीनंतर धोमच्या धरणापर्यंतचा रस्ता साधला, आणि आठ महिन्यांनीं आमची दृष्टि पसरणीच्या घाटाकडे वळली. काळ्या सायकलीनें तो चढणें आमच्या आवांक्यांतलें नव्हतें. आमचा पुतण्या, म्हणजे बंधूंचा मुलगा, पुण्यास संगणकाच्या कंपनींत नोकरीस आहे, आणि त्याला ह्याच सायकलीचें वेड. त्यानें आपली जुनी गिअरची सायकल आम्हांस आणून दिली आणि दोन सूचना केल्या. पायडल अगदीं खालीं असतां गुडघा किंचित् वांकलेला राहील इतकी सीट वर घ्यावी. आणि चढावर जोरानें रेटण्यापेक्षां हलका गिअर घालून पाय भराभर फिरवावे, म्हणजे गुडघे वांचतात. या दोन सूचना पाळल्यापासून आमच्या गुडघ्यांनीं पुन्हां तोंड उघडलें नाहीं.

पसरणीचा घाट सुमारें बारा किलोमीटरांत साडेपांचशें मीटरांच्या वर चढतो. म्हणजे प्रत्येक शंभर मीटरांस साडेचार मीटर चढ. स्वारी ८६ किलो आणि वाहन १४ किलो, मिळून नेमके शंभर किलो. एवढें ओझें साडेपांचशें मीटर उचलण्याचें निव्वळ काम हिशोबानें सुमारें १३० कॅलरींचें भरतें. पण शरीर हें काटकसरी यंत्र नव्हे. खाल्लेल्या अन्नाच्या शक्तीपैकीं चौथा किंवा पांचवा हिस्साच चाकास पोहोंचतो, बाकीची घामावाटे व उष्णतेच्या रूपानें जाते. शिवाय रस्त्याचें व वाऱ्याचें घर्षण आहेच. एकंदरीत घाट एकदां चढण्यास साडेसहाशें ते सातशें कॅलरी लागतात. आतां दुसरी बाजू पाहा. एका वडापावांत सुमारें तीनशें कॅलरी असतात. पांचगणीस पोहोंचून दोन वडेपाव आणि एक गोड चहा घेतला, कीं सारा घाट पुन्हां पोटांत भरला! चढावयास दीड-दोन तास, आणि भरून काढावयास दहा मिनिटें. एक किलो चरबींत सुमारें ७७०० कॅलरी असतात. म्हणजे वरती कांहींएक जास्त न खातां अकरा-बारा वेळां घाट चढावा, तेव्हां एक किलो झडणार. नुसत्या व्यायामानें मनुष्य बारीक होतो ही समजूत आमची त्या दिवशीं सुटली.

चढ आणि सपाटी यांचे नियम निराळे आहेत, हेंही तेथेंच कळलें. सपाट रस्त्यावर वेग वाढला म्हणजे मुख्य शत्रु वारा. वेग दुप्पट करावा तर वाऱ्याचा विरोध चौपट होतो, आणि तो तोडण्यास शक्ति आठपट लागते. तेथें चार किलो इकडे-तिकडे असल्यानें फारसें बिघडत नाहीं. चढावर मात्र प्रत्येक किलोचा हिशोब चुकता करावा लागतो. तरुण मंडळी सायकल दोनशें ग्रॅम हलकी व्हावी म्हणून हजारों रुपये खर्चितात. आम्ही पोटावर दहा-बारा किलो फुकट बाळगीत होतों.

दम किती लागूं द्यावा, यासाठीं पुतण्यानें मनगटावर बांधावयाचें यंत्र देऊं केलें. २२० मधून वय वजा करावें म्हणजे नाडीची कमाल मर्यादा निघते, असा एक ठोकताळा आहे. पण तो ठोकताळाच, कारण माणसामाणसांत दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो. आम्हीं आपलें जुनेंच मापन वापरलें. अनुष्टुभाच्या एका चरणांत आठ अक्षरें, दोन चरणांची ओळ सोळा अक्षरांची. जेथें सोळा अक्षरें एका श्वासांत स्वस्थपणें म्हणतां येतात, ती गति हलकी. आठव्या अक्षरावर श्वास घ्यावा लागला तर मध्यम. आठ अक्षरेंही पुरीं होईनात, तर सायकलीवरून उतरून दरीची शोभा पाहावी हें उत्तम. घाटांत तर ‘मेघदूता’चें वृत्त फारच सोयीचें. मंदाक्रांतेच्या सतरा अक्षरांत चौथ्या आणि दहाव्या अक्षरावर यति, म्हणजे चढणाऱ्यास चार, सहा आणि सात अक्षरांगणिक श्वास घेण्याची मुभा. वर्गांत चाळीस वर्षें यति शिकविला. त्याचा खरा उपयोग पसरणीच्या तिसऱ्या वळणावर समजला. डॉक्टरांस हें सांगितलें तेव्हां ते हंसले नाहींत. बोलतां येतें कीं नाहीं यावरून व्यायामाचा जोर ओळखण्याची रीति वैद्यकांतही मान्य आहे, असें त्यांनीं सांगितलें. वाग्भटानें व्यायाम अर्ध्या शक्तीनें करावा असें म्हटलें आहे, आणि आजचे लांब पल्ल्याचे मोठे खेळाडूही आपल्या सरावाचा सुमारें चार-पंचमांश भाग हलक्या गतीनेंच करतात. हा मेळ पाहून आम्हांस संतोष झाला.

परंतु हा विवेक आम्हीं पायांपुरताच ठेवला, पोटास लावला नाहीं, हें येथें कबूल केलें पाहिजे. घाटाचा हिशोब समजल्यावर आम्हांस वजन उतरविण्याचें वेड लागलें. घरांत विजेचा नवा कांटा आणला आणि दिवसांतून चार-चार वेळां त्यावर चढूं लागलों. एकभुक्त राहिलों, भात सोडला, दूध सोडलें, आणि रात्रीं ताकावर निजूं लागलों. पहिल्याच आठवड्यांत दोन किलो उतरले तेव्हां आनंदाला सीमा राहिली नाहीं. तें बहुतेक पाणी होतें, हें मागून कळलें; शरीरांत सांठविलेल्या पिष्टसाखरेच्या प्रत्येक ग्रॅमाबरोबर सुमारें तीन ग्रॅम पाणी असतें, तें सांठवण सरतांच पाणीही जातें, आणि दोन दिवस लोणचें-पापड खाल्लें कीं परत येतें. महिन्यांत पांच किलो गेले. पण घाट चढण्यास पूर्वींहून पाव तास अधिक लागूं लागला, जिन्यावर मांड्या भरून येऊं लागल्या, आणि नातवंडांवर विनाकारण खेंकसणें वाढलें. एके दिवशीं कांटाच नाहींसा झाला. चौकशी केली, तों सौभाग्यवती म्हणाल्या, ‘तांदळाच्या कोठींत आहे. अहो, तुमचें वजन उतरतें आहे कीं तुम्हीच उतरतां आहां, तें एकदां ठरवा; मग काढून देईन.’

हा प्रश्न चाळीस वर्षांच्या संसारांतून आलेला होता, आणि तो वैद्यकशास्त्रासही धरून होता. कमी खाल्लें म्हणजे केवळ चरबी झडते असें नाहीं, स्नायूही झडतात; आणि साठीनंतर गेलेला स्नायु परत मिळविणें कठीण. कांटा बिचारा दोहोंतला भेद जाणत नाहीं. अखेर तह झाला तो असा. कांट्यावर उभें राहावयाचें तें आठवड्यांतून एकदां, गुरुवारीं सकाळीं. आणि त्याबरोबर सौभाग्यवतींच्या शिवणयंत्राच्या खणांतली टेप घेऊन कंबर मोजावयाची. दोन्ही वेळां जेवावें, पण भात-पोळी पूर्वींच्या निम्मी आणि वरण, उसळ, दही यांचें प्रमाण अधिक. ह्या मार्गानें वजन फार सावकाश उतरलें. तीन वर्षांत ८६ चे ७४ झाले, आणि कंबर १०४ सेंटिमीटरांवरून ९२ वर आली. भारतीय पुरुषाची कंबर ९० च्या आंत आणि स्त्रीची ८० च्या आंत असावी असें तज्ज्ञ सांगतात. म्हणजे शास्त्राप्रमाणें आम्ही अद्याप जाडच आहों. पण घाटास पहिल्या खेपेस एक तास पन्नास मिनिटें लागलीं होतीं, तो आतां सव्वा तासांत चढतों, आणि साखरेची सरासरी ५.६ वर आली आहे.

आतां मुख्य गोष्टीकडे वळूं. आमचा पुतण्या एकतीस वर्षांचा, हुबेहूब वडिलांच्या बांध्याचा. उंच, सडसडीत, वजन ६० किलो. दोनशें, तीनशें, चारशें आणि सहाशें किलोमीटरांच्या ज्या नेमलेल्या वेळेच्या सफरी सायकलस्वार करतात, त्या चारही त्यानें एका वर्षांत पुऱ्या केलेल्या. दोनशें किलोमीटरांस साडेतेरा तास, सहाशेंस चाळीस तास; आंत पोहोंचला तो उत्तीर्ण, पहिला-दुसरा नंबर नाहीं. ही चाल आम्हांस फार आवडली, कारण तींत कोणी कोणास हरवीत नाहीं. पण चिरंजीवांस आतां घाट वेगानें चढावयाचे होते. तेथें हिशोब असा, कीं शरीराच्या दर किलोस किती वॅट शक्ति पडते तें पाहावयाचें. शक्ति वाढविणें कठीण. वजन घटविणें सोपें. म्हणून त्यानें ६० चे ५६ करण्याचें ठरविलें. दिवाळींत घरीं आला तेव्हां त्यानें करंजीस हात लावला नाहीं, आणि त्याची आई त्याच्या ताटाकडे पाहत राहिली. ‘बारीक आहे, निरोगी आहे, त्यांच्यासारखाच,’ असें ती म्हणाली, आणि वाक्य संपतां संपतां स्वतःच थांबली.

२०२२ सालच्या डिसेंबरांतली गोष्ट. पहांटे आम्ही दोघे घाटाकडे निघालों. त्यानें बिनदुधाच्या कॉफीखेरीज कांहीं घेतलें नव्हतें, आणि आदल्या रात्रींही जेवण टाळलें होतें. पसरणी गांव सुटतांच ‘काका, वर भेटूं’ म्हणून तो भरकन् पुढें निघून गेला. आम्ही आपल्या मंदाक्रांतेनें मागून चाललों होतों. अर्ध्याहून अधिक घाट चढलों असूं. एका वळणावर त्याची सायकल आडवी पडलेली दिसली. तो कठड्याला टेकून बसला होता. चेहरा पांढराफटक, कपाळावर गार घाम, आणि हात असे कांपत होते कीं बाटलीचें झांकण उघडेना. खालीं धोमचें पाणी उन्हांत चमकत होतें. आमच्या डोळ्यांसमोर मात्र २०१६ सालची ती रात्र उभी राहिली.

आमच्या खिशांत शेंगदाण्याची चिक्की असते. ती त्याला भरविली, पाणी पाजलें. पंधरा मिनिटांत रंग परत आला. रात्रभराच्या उपासानें यकृतांतील साखरेची सांठवण सरते, आणि तशांत जोराचा चढ चढला म्हणजे मेंदूसही साखर पुरत नाहीं. सायकलस्वारांत हा प्रकार पुष्कळांस ठाऊक आहे. तो हंसून म्हणाला, ‘काका, कांहीं नाहीं, नुसती भूक आहे. चला वर.’ आम्ही म्हणालों, ‘वर नाहीं, खालीं; आणि घरीं नाहीं, डॉक्टरांकडे.’ तो म्हणाला, ‘मला काय होणार? मी साठ किलोंचा आहें.’ आमच्या तोंडून निघून गेलें, ‘तुझे वडील अठ्ठावन्नांचे होते.’

हें वाक्य सहा वर्षें घरांत कोणीं उच्चारलें नव्हतें. त्यानंतर तो कांहीं बोलला नाहीं. एक रिकामी जीप खालीं चालली होती, तींत दोन्ही सायकली घातल्या आणि वाईस आलों.

हृदयाचा आलेख निर्दोष निघाला. रक्त मात्र निर्दोष नव्हतें. घातक समजलें जाणारें कोलेस्टेरॉल १६८, आणि साखरेची सरासरी ५.९, वडिलांचा वारसा सडपातळ अंगाखालीं दडून बसलेला. तेव्हां डॉक्टरांनीं आम्हां दोघांस समोर बसवून एक गोष्ट सांगितली. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं लंडनचे आपले सहकारी डॉ. जॉन युडकिन यांच्याशीं स्वतःची तुलना करून ती २००४ सालीं ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध केली. उंचीच्या मानानें वजन पाहण्याचें जें माप आहे, तें दोघांचें अगदीं एकच, २२.३. परंतु शरीरांतील चरबी मोजली, तों युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! बाहेरून दोघेही सारखेच सडपातळ. आम्हां भारतीयांपैकीं पुष्कळांच्या बारीक देहांत स्नायु थोडा आणि चरबी अधिक असते, आणि तीही बहुधा पोटाच्या आंत, इंद्रियांभोंवतीं. दक्षिण आशियांतील लोकांस हृदयाचा पहिला झटका इतरांपेक्षां सरासरीनें पांच-सहा वर्षें आधीं येतो, असेंही आढळून आलें आहे. ह्यासाठींच आपल्याकडे स्थूलतेची मर्यादा पाश्चात्त्यांपेक्षां खालीं धरतात. तिकडे ३० ला जो स्थूल, तो इकडे २५ लाच स्थूल.

आम्ही ऐकत होतों, आणि सहा वर्षांपूर्वींचें कोडें आमच्यापुरतें सुटत होतें. बंधूंचें रक्त कोणीं कधीं तपासलेंच नव्हतें, तेव्हां त्यांच्या देहांत नेमकें काय चाललें होतें हें आतां कोणीही सांगूं शकणार नाहीं. पण तें तपासावें असें कोणास वाटलें नाहीं, याचें कारण त्यांचा तो लग्नांतला कोट. कांटा आमच्या घरीं खोटें बोलला नव्हता. त्याला न विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर आम्हींच त्याच्यावर लादलें होतें.

पुतण्यास औषध सुरू झालें, आणि ५६ किलोंचा संकल्प सुटला. त्याला सोडविण्यास उपदेश लागला नाहीं. पुन्हां एकदां रक्त तपासून अहवाल आईच्या हातीं द्यावयाचा, एवढें त्यानें कबूल केलें, आणि तेंच पुरलें. मातोश्री आतां नव्वदीच्या पुढें आहेत. अहवाल म्हणजे काय हें त्यांस समजत नाहीं, पण तुपाची वाटी आतां सर्वांच्या पानाशीं सारखीच थांबते.

आमच्या घरानें तेव्हांपासून जो परिपाठ ठेवला आहे, तो वाचकांस उपयोगी पडेल म्हणून थोडक्यांत सांगतों. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचें रक्त वर्षांतून एकदां तपासावयाचें, आणि त्यांत बारीक माणसांस सूट नाहीं. वजनाबरोबर कंबर मोजावयाची. जो सायकल चालवितो त्यानें आठवड्यांतून दोन दिवस सूर्यनमस्कार व उठाबशाही काढावयाच्या, कारण सायकलीवर हाडांवर भार येत नाहीं, आणि भाराशिवाय हाड मजबूत राहत नाहीं. तासाहून लांबच्या फेरीस निघतांना मूठभर कांहीं खाऊनच निघावयाचें, आणि छातींत जडपणा, डाव्या हातास कळ किंवा डोळ्यांपुढें अंधारी आली तर शर्यत सोडून तडक डॉक्टर गांठावयाचे. ज्यांस मधुमेहाचीं औषधें चालू आहेत त्यांनीं तर विचारल्यावांचून उपाशीं व्यायाम करूंच नये. धूप-नैवेद्यासारखा नेम धरला तर ह्यांतलें कांहींच कठीण नाहीं.

असो. काळी सायकल आतां पडवींत उभी नसते. गेल्या वर्षापासून भावजय ती घेऊन सकाळीं ढोल्या गणपतीस जाते. बंधूंची दांड्याची सायकल तिला प्रथम जड गेली, दोनदां पडलीही. पण सीट खालीं करून घेतली, घंटी नवी बसविली, आणि येतांना ती भाजी घेऊन येते. पुतण्या महिन्यांतून एकदां पुण्याहून येतो, तेव्हां आम्ही तिघेही एकदमच बाहेर पडतों. ती देवळाकडे वळते, आणि आम्ही दोघे घाटास लागतों. तो अजूनही आमच्यापुढें निघून जातो; त्या वळणावरील कठड्याशीं मात्र थांबतो. आम्ही पोहोंचलों कीं चिक्कीचे दोन तुकडे करतों. शर्यत कोणाशीं, असें विचारणारांस सांगावयाचें तें एवढेंच, कीं तो थांबतो तेथपर्यंत आम्हांस पोहोंचावयाचें असतें.